देवळासमोर अडकणारा लॅपटॉप

लॅपटॉप देवळासमोर पोचला की अडकायचा. तक्रार अशीच होती.

"दुसऱ्या रस्त्यार बरो चलता," विश्वास म्हणाला. "खाणीर चलता, जेटीर चलता. देवळाकडे पावलो की मेलो."

"मागीर भटाक दाखय. म्हाका कित्याक?" आमचे सर म्हणाले.

"भटाक दाखयलो. गाऱ्हाणें घालें, नारळ फोडलो. तोच म्हणता, आतां दुकानांत व्हर."

सर मोठ्याने हसले. मी काचेच्या पार्टिशनमागे बसून ऐकत होते. मी हसले नाही, कारण विश्वास हसत नव्हता.

आमचं दुकान डिचोलीच्या बाजारात आहे. काउंटर सर बघतात, रिपेअर मी करते. सुरुवातीला मी काउंटरवर बसायचे. पण लॅपटॉप घेऊन आलेली माणसं माझ्याकडे बघून विचारायची, "बाय, करपी कोण ना?" म्हणजे दुरुस्त करणारा कुणी नाही का. मग सरांनी पार्टिशन घातलं आणि गिऱ्हाइकांना सांगायला लागले, "आतला टेक्निशियन बघतोय." त्या पार्टिशनबद्दल माझी तक्रार नव्हती. मला बोलायला फारसं आवडत नाही. मशीनशी बोलावं लागत नाही, ते स्वतःच सांगतं.

तर ते देवळाचं काय, ते आधी सांगते. देऊळ गेममधलं होतं.

ट्रक चालवायचा एक गेम आहे. मूळ गेममधले ट्रक परदेशी, रस्ते परदेशी, पाटीवरची गावं परदेशी. पण लोक त्यात स्वतःची भर घालू शकतात. त्या भरीला मॉड म्हणतात. कुणी नवा हॉर्न घालतं, कुणी नवा रस्ता. सुर्ल्याच्या विश्वासने सुर्ल्यापासून आमोण्याच्या जेटीपर्यंतचा रस्ता घातला होता. लाल माती, दोन्ही बाजूंची लाल झालेली झाडं, वळणावरचा चहाचा गाडा. रस्त्यात देऊळ, देवळासमोर पटांगण. आणि पटांगणात गावातले सगळे ट्रक. सगळे म्हणजे सगळे. खाणी जोरात होत्या तेव्हा जेवढे होते तेवढे.

खाणी चालू असताना दसऱ्याला ट्रक धुऊन देवळासमोर आणायचे. आबोली आणि झेंडूचे हार घालायचे. लिंबू-मिरची बदलायची. भट प्रत्येक ट्रकापुढे नारळ फोडायचा. रांग ठरलेली असायची. आधी गावकऱ्यांचे, म्हणजे देवळात मान असलेल्या घरांचे ट्रक, मग इतरांचे. विश्वासचा बाप पुंडलिककाका दोडामार्गाकडचा. ड्रायव्हर म्हणून सुर्ल्यात आला, मग कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला. इतकी वर्षं गावात राहूनही त्यांचा निळा ट्रक रांगेत शेवटी. त्याबद्दल त्यांना वाईट वाटत नसे, असं विश्वास म्हणाला. मला ते खरं वाटलं नाही, पण मी विचारलं नाही.

मग खाणी बंद पडल्या. ट्रक ताडपत्रीखाली गेले. काही भंगारात गेले. पुंडलिककाका मात्र दर रविवारी ताडपत्री काढून इंजिन चालू करायचे, जाम होऊ नये म्हणून.

आणि आता खाण पुन्हा सुरू होणार होती. नवी कंपनी, नवे साहेब. खनिज वाहायचं कंत्राट गावातल्याच शिरीषबाबांना मिळालं होतं. त्यांचे ट्रक रांगेत पहिले असायचे. पण गावातले किती ट्रक घेणार, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेरून मोठे टिपर आणणार अशी कुजबुज होती. विश्वासने शिरीषबाबांना सुचवलं की दसऱ्याला कंपनीचे साहेब देवळात येणार आहेत, तेव्हा सभागृहात मोठ्या पडद्यावर ही रांग दाखवू. गावात एवढे ट्रक आहेत, हे त्यांनी डोळ्यांनी बघावं. शिरीषबाबा हो म्हणाले.

पुंडलिककाकांच्या ट्रकाचं वय होत आलं होतं. या वेळी कंत्राटात घेतला नाही, तर पुढच्या वेळी पासिंगच होणार नव्हतं. मग भंगार. विश्वासने हे सरांना सांगितलं नाही. काम करताना शेजारी बसला, तेव्हा मला सांगितलं.

पार्टिशनच्या आत गिऱ्हाइकाला घेत नाहीत. पण हे काम त्याच्याशिवाय होण्यासारखं नव्हतं.

पहिलं काम फॅनचं. मागचं कव्हर उघडलं तर आत अपेक्षेप्रमाणे लाल धूळ. सुर्ला, आमोणे, आमचं सर्वण, कुठूनही आलेला लॅपटॉप उघडा, कमी-जास्त हेच असतं. धूळ काढली, चिपवरची सुकलेली पेस्ट बदलली. मशीन तापलं की स्वतःला वाचवायला मुद्दाम हळू चालतं. ते तापणं थांबलं. रॅम कमी होती. रॅम म्हणजे काम करायचं टेबल समजा. टेबल लहान असलं की निम्मं सामान कपाटातून पुन्हापुन्हा आणावं लागतं. टेबल मोठं केलं.

गेम चालू केला. पडद्यावरची हालचाल म्हणजे पटापट बदलणारी चित्रं. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला तीस फ्रेम बदलल्या तर डोळ्याला सलग वाटतं. रिकाम्या रस्त्यावर पन्नास मिळत होत्या. देवळाचा कळस दिसला की वीस. पटांगणात शिरलं की चार.

"पळय," विश्वास म्हणाला. "भट बरोबर आसलो. हें ताजें न्हय."

म्हणजे हे भटाचं काम नव्हे.

मॉड बिघडला असला की शोधायची एक साधी रीत आहे. निम्मे मॉड बंद करायचे. अडकणं थांबलं, तर दोष त्या निम्म्यांत. मग त्यांचे पुन्हा दोन भाग. विश्वासने प्रत्येक ट्रकाचा वेगळा मॉड केला होता. मी निम्मे बंद केले. फ्रेम थोड्या वाढल्या. दुसरे निम्मे बंद केले. तेवढ्याच वाढल्या. म्हणजे दोष कुठल्याच एका ट्रकात नव्हता. सगळ्यांत सारखा होता.

मग एक ट्रक उघडून बघितला.

असं काम मी त्याआधी बघितलं नव्हतं. काचेवरचं नाव, टपावरची देवीची चौकट, दरवाजावरचा पोचा, जेटीवरच्या बार्जवाल्यांशी एकदा मारामारी झाली होती तेव्हाचा. इथपर्यंत ठीक. पण ट्रकाच्या पोटाखालीही सगळं होतं. नटबोल्ट होते. केबिनमध्ये डॅशबोर्डवर उदबत्तीचं घर, त्यात अर्धी जळलेली उदबत्ती. आणि हारातलं प्रत्येक आबोलीचं फूल वेगळं. एकेका पाकळीसह.

"हार एकच करून सगळ्यांना का नाही लावला?" मी विचारलं.

"एकच लायिल्लो. दाजी येवन झगडलो. म्हणता, तो हार शिरीषबाबाल्या ट्रकाचो, म्हजो न्हय. म्हज्या बायलेन माळिल्लो म्हजो हार." दाजी म्हणजे गावातले एक ट्रकमालक.

"आणि ट्रक? मॉडेल तर एकच कंपनीचं आहे. एक बनवून रंग बदलता आले असते."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला दुसऱ्याच्या घरात जेवायला सांगते आहे.

"आमचो ट्रक तांच्या ट्रकाची कॉपी? कोण आयकून घेतलो?"

गेम बनवणारे असं करत नाहीत. ते एक ट्रक बनवतात आणि शंभरदा वापरतात. शिवाय प्रत्येक वस्तूच्या दोन-तीन आवृत्त्या ठेवतात. जवळून दिसणारी पूर्ण, थोडी लांब असली की जाडीभरडी, आणि अगदी लांब असली की नुसतं चपटं चित्र. गाडी जवळ जाईल तसा गेम गुपचूप चित्राच्या जागी खरी वस्तू ठेवतो. कुणाला कळत नाही. विश्वासला हे माहीत होतं. त्याने ते मुद्दामच टाळलं होतं. कारण सुर्ल्यात ट्रक लांबूनच ओळखायचा असतो. वळणावरून नुसता टप दिसला तरी पोरं सांगायची, कुणाचा आला. लांबचा ट्रक जाडाभरडा झाला, तर तो कुणाचाच राहणार नव्हता.

दुपारी सर आत डोकावले. "कितें?"

"ट्रक फार जड आहेत, सर."

"मागीर कमी कर. धा-पंदरा दवर, बाकीचे काड. सोपें."

"कोणाचे काडटले, पात्रांव?" विश्वासने सरांना विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "तुमी नांवां सांगात. हांव गांवांत वचून सांगतां."

सर बाहेर गेले. थोड्या वेळाने चहा पाठवला. दोन कप.

मी ट्रक काढले नाहीत. जे कुणाला दिसणार नव्हतं, ते आधी काढलं. पोटाखालचे नटबोल्ट गेले. विश्वासने डोळे मिटून घेतले. हारांचं जमवलं. प्रत्येकाचा हार वेगळाच ठेवला, पण फुलं पाकळ्यांची न ठेवता हाराचं एक चित्र करून ते गोल गुंडाळलं. दाजींचा हार दाजींचाच राहिला. मग प्रत्येक ट्रकाच्या तीन आवृत्त्या करायला बसलो. शेवटच्या, चपट्या आवृत्तीवर विश्वास अडला.

"नांव वाचपाक जाय," तो म्हणाला. "पयसुल्ल्यान लेगीत."

"लांबून नाव कोण वाचणार?"

"ज्याचो ट्रक तो."

नावासाठी चित्र मोठं ठेवावं लागलं. त्याचा भार दुसरीकडून कमी केला. झाडांची पानं छाटली, आरशांतलं प्रतिबिंब बंद केलं, सावल्या फक्त जवळच्या ठेवल्या. हे सगळं सांगायला सोपं आहे. करता करता दसरा जवळ आला. त्या दिवसांत दुसरी कामं मागे पडली म्हणून सर माझ्याशी धड बोलत नव्हते. विश्वास येताना उंडे, म्हणजे गोल पाव, आणि भाजी आणायचा. एखादा ट्रक पूर्ण झाला की तो त्या मालकाचं नाव पुटपुटायचा. हजेरी घेतल्यासारखं.

शेवटी पटांगणात शिरलो तेव्हा बत्तीस फ्रेम होत्या. सगळे ट्रक उभे होते. विश्वासने स्टीअरिंग धरलं. खेळायचं छोटं स्टीअरिंग मिळतं, ते त्याने आणलं होतं. तो रांगेच्या कडेने हळूहळू पुढे गेला. लांबचे चपटे ट्रक जवळ येतील तसे भरत गेले. केबिन उघडी झाली, उदबत्तीचं घर दिसलं. अगदी शेवटी निळा ट्रक. तो चित्राचा ट्रक झाला ती वेळ मी मुद्दाम डोळे रोखून बघितली. कळली नाही.

"जालें," विश्वास म्हणाला.

दसऱ्याच्या दिवशी सर मलाही घेऊन गेले. मशीन बिघडलं तर आतला टेक्निशियन हवा.

सभागृह भरलं होतं. माणसं पुढे, बायका मागे, आणि मी प्रोजेक्टरशेजारी जमिनीवर. पडदा उजळला आणि रांग दिसली, तेव्हा आवाज झाला, तो टाळ्यांचा नव्हता. सगळे एकदम आपापला ट्रक शोधत होते. "तो पळय, तो पळय!" "अरे, हाचें टाप पळय!" एका म्हातारीने पडद्याला हात जोडले. तिचा ट्रक विकला गेला होता, हे मला नंतर कळलं.

पुंडलिककाका माझ्या मागेच उभे होते. पांढरा शर्ट, नवी घडी मोडलेला.

"झिला, माझो खंय आसा?" त्यांनी विश्वासला विचारलं.

"शेवटाक, बाबा. उजव्या हाताक."

"निळो मा तो?" त्यांनी डोळे बारीक केले. "होय, होय. दिसता."

शिरीषबाबांनी कंपनीच्या साहेबांना स्टीअरिंगवर बसवलं. साहेबांनी हसत हसत हॉर्न वाजवला. लोक हसले. त्यांनी गाडी पुढे घेतली. पहिला ट्रक शिरीषबाबांचा, दुसरा त्यांच्या भावाचा, मग मेव्हण्याचा. साहेब प्रत्येकापाशी थांबले, केबिनमध्ये डोकावले, "वा, व्हेरी नाइस" म्हणाले. पाच-सहा ट्रकांनंतर त्यांनी ब्रेक दाबला आणि स्टीअरिंग सोडलं.

"सर, थोडं पुढे," विश्वास साहेबांना म्हणाला. "शेवटपर्यंत जातं, सर."

"समजलं, समजलं. एक्सलंट."

"सर, लागीं गेल्यार..."

"विश्वास," शिरीषबाबा म्हणाले, "सायबांक वेळ ना रे. जेवण निवता."

साहेब उठले. आता टाळ्या झाल्या. पडद्यावर गाडी तिथेच उभी राहिली. तिच्या पलीकडचे सगळे ट्रक चपटेच राहिले. तसं बघणाऱ्याला काही वेगळं दिसत नव्हतं. मला आणि विश्वासला दिसत होतं. पुंडलिककाका अजून निळ्या ठिपक्याकडे बघत होते आणि समाधानी होते.

सरांनी माईक घेऊन आमच्या दुकानाने हे कसं केलं ते सांगितलं. माझं नाव आलं नाही, आणि ते आलं नाही याचं मला बरंच वाटलं. जेवताना शिरीषबाबा सरांपाशी येऊन बसले.

"इतल्याश्या लॅपटॉपार इतले ट्रक कशे रे बसयले?"

"सोपें, बाब. फुडले खरे. फाटले नुसतें चित्र. दिसपाक सगळे आसात." फाटले म्हणजे मागचे.

"अशें?" शिरीषबाबा हसले. "हुशार मरे तूं."

मी पंगतीत समोरच वाढत होते. "जवळ गेलं की चित्राचा ट्रक होतो," मी म्हणाले. बहुतेक शिरीषबाबांपर्यंत माझा आवाज पोचला नाही. मग सर म्हणाले, "तें टेक्निकल," आणि भात मागितला.

खाण सुरू झाली. शिरीषबाबांनी गावातल्या एकूण एक ट्रकाची नोंद केली, कुणालाही वगळलं नाही. प्रत्येकाला काचेवर लावायला स्टिकर दिला. गावाने त्यांचा सत्कार केला. पुंडलिककाकांनी नवे टायर घातले, पासिंग करून घेतलं आणि ताडपत्री काढून ठेवली.

ट्रिपा मिळाल्या त्या रांगेतल्या पुढच्यांना. मागच्यांना सांगितलं, कॉल येईल. पुढचे ट्रक कमी पडले तेव्हा बाहेरून मोठे टिपर आले, तेही शिरीषबाबांच्या ओळखीतले. मागच्यांपैकी कुणी तक्रार केली की उत्तर तयार होतं. तुझा ट्रक नोंदलेला आहे, स्टिकर काचेवर आहे, अजून काय पाहिजे?

शिरीषबाबांना हे आमच्याकडून सुचलं, असं मी म्हणत नाही. अशा गोष्टी त्या माणसांना कुणी शिकवाव्या लागत नाहीत. फक्त एक फरक मला सांगावासा वाटतो. लॅपटॉपला मेमरी कमी होती, म्हणून मी लांबचे ट्रक चित्रात ठेवले. खाणीवर खनिज कमी नव्हतं.

पुंडलिककाकांनी पावसाळा संपेपर्यंत वाट बघितली. दर रविवारी इंजिन चालू करत राहिले. पुढच्या दसऱ्याआधी ट्रक भंगारात गेला. स्टिकर काचेसकट गेला.

त्यानंतर विश्वास दुकानात आला. थेट पार्टिशनच्या आत आला, सरांनी अडवलं नाही. पेडण्याला एका हॉटेलात ड्रायव्हरची नोकरी लागली होती, विमानतळावरून पाहुणे आणायचे. लॅपटॉप बहिणीला कॉलेजसाठी द्यायचा होता.

"गेम काडून उडय," तो म्हणाला. "मॅप, ट्रक, सगळें."

"बॅकअप ठेवू?"

"नाका."

मी त्याच्यासमोरच काढलं. शेवटी पडद्यावर विचारणा आली, खरंच काढायचं का. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने स्वतः हात पुढे करून बटण दाबलं.

"आतां फास्ट जातलो मगो?"

"होईल," मी म्हणाले.

झाला. चालू करताच झटकन उघडला. त्याची बहीण खूश आहे असं ऐकलं.

लोक विचारतात, लॅपटॉप हळू चालतो, काय करू. मी सांगते, फॅन साफ करून घ्या, रॅम वाढवा, नको ते बंद करा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे आत जे जपून ठेवलंय ते काढून टाकणं. तो मी आपणहून सुचवत नाही. माणसं स्वतःच घेऊन येतात.